डेथ नोट : हुशार बाई दिसली की कथानक घाबरतं का?

सांजसावली

'डेथ नोट' या जपानी अॅनिमे मालिकेचे स्पॉयलर भरपूर आहेत. सदतीसही भाग पाहिले नसतील तर पुढे वाचू नका.

लाइट यागामी नावाच्या पोराच्या हाती एक वही पडते, तीत नाव लिहिलं की माणूस चाळीस सेकंदांत मरतो, हे मला मान्य आहे. वहीने गुन्हेगारांना मारणाऱ्या लाइटला लोक किरा म्हणतात, तो कोण ते कोणालाच ठाऊक नाही, आणि एल नावाचा गुप्तहेर त्याला शोधतोय. अद्भुत कथेत लेखक एक अट घालतो आणि आपण ती मान्य करूनच बघायला बसतो. माझी तक्रार वहीबद्दल नाहीच. ती आहे माणसांच्या वागण्याबद्दल, नेमकं सांगायचं तर बायकांच्या. या मालिकेत पुरुष चुकतो तो अहंकारापायी, आणि त्या चुकीमागची कारणं आपल्याला लांबलचक स्वगतातून समजावली जातात. बाई चुकते ती कथानकाला गरज पडते म्हणून.

नाओमी मिसोरा घ्या. एफबीआयची माजी एजंट, एलच्या हाताखाली एका प्रकरणात काम केलेली, लग्न ठरलं म्हणून नोकरी सोडलेली. होणारा नवरा रे पेनबर किराच्या मागावर जपानला आलाय. बसच्या अपहरणाचं ऐकून ती प्रश्न विचारायला लागते, तर तो तिला सांगतो की तू आता एजंट नाहीस, संसारात पडलीस की हे सगळं विसरशील. मग पेनबर मरतो, बरोबरचे अकरा एजंटही मरतात. आणि ही बाई एकटीने जे शोधून काढते ते एलच्या अख्ख्या पथकाच्या हाती तोवर लागलेलं नसतं : किरा हृदयविकाराशिवाय इतर मार्गांनीही मारू शकतो, बसमधला गुन्हेगार अपघाताने मेलेला नाही, आणि पेनबरने त्या बसमध्ये ज्याला ओळखपत्र दाखवलं तोच किरा असू शकतो.

हे सगळं ती सांगते कोणाला? पोलीस मुख्यालयात भेटलेल्या, वडिलांना कपडे द्यायला आलेल्या सतरा वर्षांच्या पोराला, म्हणजे लाइटलाच! आधी ती खोटं नाव देते, माकी शोको. लाइट ते लिहितो, काहीच होत नाही, तो हादरतो. इथवर बाई जिंकतेय. मग तो म्हणतो, तुम्ही तपास पथकात या. आणि ती ड्रायव्हिंग लायसन्स काढून त्याच्या हातात देते.

लेखक त्सुगुमी ओबा यांनीच पुढे सांगितलंय की मिसोराला जास्त काळ ठेवायचा विचार होता, पण ती फार लवकर फार जवळ पोचली म्हणून तिला संपवावं लागलं. माझं म्हणणं एवढंच की या मालिकेतले विश्वसनीयतेचे खड्डे आणि बायकांचं चित्रण हे दोन वेगळे विषय नाहीत. समोरच्याचा वजीर आधीच पटावरून उचलायचा आणि मग आपला डाव किती अचाट होता ते दाखवायचं, असा हा प्रकार आहे.

रातकिडा

पूर्ण असहमत. सातवा भाग मी या मालिकेतला सर्वोत्तम मानतो, आणि तो पटतो म्हणूनच मानतो.

मिसोराच्या जागी उभं राहून बघा. ज्याच्याशी लग्न करायचं तो माणूस नुकताच मेलाय. परक्या देशातल्या नव्हे, स्वतःच्याच देशातल्या पोलिसांकडे ती जाते, तर किराच्या पथकाचं कोणी भेटायला तयार नाही. अशा वेळी पथकप्रमुख सोइचिरो यागामींचा मुलगा समोर येतो. रिसेप्शनवरची माणसं त्याला ओळखतात, त्याने आधीही पोलिसांना गुन्हे सोडवायला मदत केलीय. तो तिचं म्हणणं नीट ऐकून घेतो. तिच्या दुःखाला आणि तिच्या कामाला एकाच वेळी किंमत देणारा तो पहिला माणूस आहे. त्याने पथकात घेतो म्हटल्यावर ओळख दाखवणं हा एजंटच्या अंगवळणी पडलेला रिवाज आहे, तो मूर्खपणा नव्हे.

आणि तिचा मृत्यू वायाही जात नाही. ती बेपत्ता झाल्याचं एलच्या लक्षात येतं, पेनबर ज्यांच्या पाळतीवर होता त्यांच्यावर त्याचा संशय पक्का होतो, आणि त्यातूनच यागामींच्या घरात कॅमेरे लागतात. एकट्या लाइटच्या खोलीत चौसष्ट. लाइटचा गळा आवळायला सुरुवात तिनेच केलीय.

सांजसावली

@रातकिडा, मग तिने खोटं नाव का दिलं? नाव कळलं तर धोका आहे एवढा अंदाज होता म्हणूनच ना? ज्या अक्कलहुशारीने ती माकी शोको झाली, तीच अर्ध्या तासात कुठे गेली? लायसन्सवर अंगठा ठेवून नुसता फोटो दाखवता आला असता. "आधी तुमच्या वडिलांना भेटू द्या, मग नाव सांगते" म्हणता आलं असतं. एल कधी चेहरा न दाखवता वागतो तेव्हा आपण त्याला धूर्त म्हणतो. तिला तेवढीच सावधगिरी द्यायला काय हरकत होती?

गवतीचहा

सगळे मिसोरावरच अडकलात, मिसा अमानेबद्दल, म्हणजे दुसरी वही हाती असलेल्या दुसऱ्या किराबद्दल, कोणीच बोलेना. मिसाला "बिनडोक चाहती" म्हणून निकालात काढणाऱ्यांनी तिच्या कृती क्रमाने बघाव्यात.

लाइटला दुसऱ्या किराचा पत्ता नाही. एलला पहिल्या किराचा पुरावा नाही. या दोघांच्या नाकाखालून मिसा टीव्हीवर टेप पाठवून, रोजनिशीतल्या नोंदीत आओयामाचा इशारा पेरून, गर्दीत लाइटला ओळखते. शिनिगामीच्या (मृत्युदेवाच्या) डोळ्यांनी तिला माणसांच्या डोक्यावर आयुष्याचा आकडा दिसतो, पण ज्याच्याकडे वही असते त्याच्या डोक्यावर तो दिसत नाही, एवढी एकच खूण तिला पुरते. तिला शोधायला लाइट मुद्दाम मित्रांच्या घोळक्यात आलेला असतो. ती त्याला दिसत नाही, तो तिला दिसतो. नंतर ती थेट त्याच्या दारात उभी राहते. पुढे कैदेत, डोळे बांधून, हातपाय जखडून ठेवलेलं असताना ती लाइटचं नाव घेत नाही, मारून टाका म्हणते. आणि वही हाती आलेल्या योत्सुबा कंपनीतल्या हिगुचीला तोंड उघडायला लावते ती मिसाच. योत्सुबाचा तो सगळा गुंता तिच्या एका नाटकामुळे सुटतो.

हे लिखाण स्त्रीद्वेष्टं असतं तर यातलं काहीच तिला मिळालं नसतं. तिला कमी लेखतो तो लाइट. शिनिगामीच्या डोळ्यांसाठी तिने स्वतःचं उरलेलं आयुष्य दोनदा निम्मं केलं, आणि त्याला त्याचं काडीचंही वाटत नाही. ते त्याचं मत आहे, मालिकेचं नव्हे. उलट तो आतून किती कुजलाय हे आपल्याला मिसाशी त्याच्या वागण्यातूनच सगळ्यात स्पष्ट दिसतं.

रातकिडा

गवतीचहा यांना +१. हेच म्हणायचं होतं.

कोपऱ्यातला_वाचक

गवतीचहा, कृतींची यादी बरोबर आहे. पण त्यातली एक तरी कृती मिसाने स्वतःसाठी केलीय का? तिच्या आईवडिलांना मारणाऱ्याला किराने मारलं, इथून तिची गोष्ट सुरू होते. ती जबरदस्त सुरुवात होती. आईवडिलांच्या खुनाने आणि सुटू पाहणाऱ्या खुन्याने पोळलेली मुलगी न्यायाबद्दल काय विचार करते, हा प्रश्न लाइटच्या भाषणबाजीपेक्षा कितीतरी खोल आहे. मालिका तो विचारतच नाही. त्या दुःखाचं रूपांतर ताबडतोब "मला तुझी प्रेयसी कर" यात होतं.

ज्यांना वाटतं की थरारकथेत बायकांना वेळ देता येत नाही, त्यांनी 'मॉन्स्टर' पाहावी. स्टुडिओ तोच, मॅडहाउस. २००४-०५ची मालिका, म्हणजे 'डेथ नोट'च्या आधीची. त्यातली एव्हा हायनेमान सुरुवातीला किती एकसुरी वाटते! हॉस्पिटलच्या संचालकाची लाडावलेली मुलगी, नायक डॉक्टर तेन्माची पत गेल्याबरोबर साखरपुडा मोडणारी. दुसऱ्या कुठल्याही मालिकेत ती तिथेच संपली असती. इथे ती दारूत बुडते, सूडाने पेटते, पळते, खुनी योहानला पाहिलेली साक्षीदार म्हणून जीव मुठीत धरून जगते, आणि तिचा प्रत्येक निर्णय, अगदी वाईटातला वाईटही, तिच्याच स्वभावातून आलेला असतो. योहानची जुळी बहीण नीना तर कायदा शिकणारी विद्यार्थिनी, तिच्या हातात पिस्तूल येतं तेही कसं येतं याला पायऱ्या आहेत. म्हणून योहानसारखा जवळजवळ अशक्य खलनायकसुद्धा तिथे पटतो.

रातकिडा

'मॉन्स्टर' चौऱ्याहत्तर भागांची आहे, 'डेथ नोट' सदतीसची. शिवाय जात वेगळी आहे. 'डेथ नोट'चा मूळ मंगा (चित्रकथा) शोनेन जंप साप्ताहिकात आठवड्याला एक प्रकरण असा २००३ ते २००६ चालला. दर आठवड्याला डाव उलटवायचा, दोन खेळाडूंवरून नजर हलू द्यायची नाही, ही त्याची शिस्त. त्यात पुरुषही प्यादीच आहेत. मात्सुदा, आइझावा, मोगी, या पथकातल्या पोलिसांच्या मनात तरी कोण शिरतं? सोइचिरो यागामी सोडले तर एकालाही आतलं आयुष्य नाही.

सांजसावली

मात्सुदाला शेवटी गोळी झाडायला मिळते ना! ज्याला सगळे बावळट समजत होते तो लाइटवर पिस्तूल रोखून विचारतो की मग तुझे वडील कशासाठी मेले. त्या एका क्षणासाठी मालिकेने त्याला पस्तीस भाग जपून ठेवलं. असा क्षण कुठल्या बाईला मिळाला? लाइटच्या आईला नाही. त्याच्या बहिणीचं, सायुचं अपहरण होतं, ती घरी येते ती खुर्चीत गप्प बसलेली. जपानी पोलिसांत स्त्रिया १९४६पासून आहेत, तरी त्या पथकात एकही नाही. एलनंतर किराला शोधणाऱ्या निअरच्या एसपीके पथकातली हॅल लिडनर तेवढी शेवटपर्यंत तग धरते, आणि माझ्या मते तीच सगळ्यात पटते, कारण तिला हरवायची कथेला कुठेच गरज नाही.

गवतीचहा

आणि किराची प्रवक्ता कियोमी ताकादा? किराच्या मागावरचा मेलोसारखा माणूस कोणाला आवरला नव्हता. तिचं अपहरण करून, कपडे काढायला लावून, सगळी खबरदारी घेऊनही तो मेला, कारण तिने वहीचा तुकडा अंगाशी लपवून ठेवला होता. आणि तिचं अपहरण झालं म्हणूनच लाइटसाठी वही चालवणारा मिकामी घाबरून बँकेतली खरी वही काढायला जातो, निअरच्या माणसाला ती सापडते. लाइटचा शेवट ताकादामुळे झाला, हे तरी मान्य कराल की नाही?

सांजसावली

नाही. लाइटचा शेवट ताकादाच्या अपहरणामुळे झाला. मेलोला मारते ती हुशारी तिची, शंकाच नाही. पण ती लगेच लाइटला फोन करते, आणि तो तिचंच नाव लिहून तिला आगीत संपवतो. मिकामीला हलवते ती तिच्यावर ओढवलेली वेळ. ताकादाने स्वतः ठरवून केलेली एकही गोष्ट त्या शेवटाला कारणीभूत नाही. किराची प्रवक्ता म्हणून देशासमोर बोलणारी, लाइटच्याच विद्यापीठात शिकलेली बाई, तिला एकदाही शंका येत नाही की हा माणूस उद्या माझंही नाव लिहील? मिसा आधीपासून आहे हे तिला माहीत आहे. लाइट दोघींना खेळवतोय हे तिला हॉटेलच्या त्या जेवणात समोरासमोर दिसतं. तिने एक चिठ्ठी जरी लिडनरच्या हाती ठेवली असती तरी शेवटचे भाग मला पटले असते.