शब्दचर्चा : दडा काढणे की दाब जुळवणे?

कळंबेकर :
तारकर्लीला स्कूबाला निघालेल्या आमच्या ग्रुपसाठी सूचना मराठीत करतोय. ‘इक्वलाइज’पाशी अडलोय. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकायचं, की घशाकडच्या नळीतून हवा मध्यकर्णात शिरते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. मी ‘दडा काढणे’ लिहिलं. मिरजेचा मित्र म्हणतो, दडा आवाजानं बसतो. गगनबावड्याचा घाट उतरताना आम्ही ‘दडे बसले’च म्हणतो की!

खासबाग :
आवाजानं बसतात त्या कानठळ्या. दडा सर्दीचा, घाटाचा. ‘दडपणे’तूनच आला असणार.

शब्दवेडी :
दडपणे नव्हे, दडणे. आवाज आत दडून बसतो. आणि छापील पत्रकात ‘दाबसमतोलन’च शोभेल.

दर्याकाठ :
मालवणात बोटीवर होतो म्हणून सांगतो, दोन्ही नकोत. ‘दडा काढा’ म्हटलं की माणूस दडा बसायची वाट बघतो. तोवर उशीर होतो. पहिल्या १० मीटरांतच दाब दुप्पट होतो, म्हणून दुखायच्या आधीपासून, दर हातभर खाली गेलं की फुंकायचं. नाही सुटलं तर थोडं वर यायचं. जोर लावला तर आतल्या कानाला इजा होते. आणि ‘दाबसमतोलन’ बोटीवर ओरडून बघा एकदा! ‘दाब जुळवा’ लिहा. सर्दी असेल तर उतरूच नका. गोळी घेऊन उतरलात आणि खाली तिचा असर संपला, तर वर येताना हवा कोंडते.

खासबाग :
फॉर्मवर ‘कान फुटला होता का’ असंही विचारा.

शब्दवेडी :
कान फुटणे म्हणजे पू येणे. तुम्हाला ‘पडद्याला भोक’ विचारायचंय. भोकातून गार पाणी आत गेलं तर पाण्याखालीच गरगरतं. शब्द चुकला तर उत्तरही चुकणार.

खासबाग :
पण पू भोकातूनच वाहतो ना?

शब्दवेडी :
नेहमी नाही. पंचगंगेत पोहणाऱ्या पोरांचा बाहेरचा कान चिघळतो, पडदा शाबूत असतो. घरचे तरी ‘फुटला’च म्हणतात.

दर्याकाठ :
गंमत म्हणजे ही नाक धरून फुंकायची युक्ती ज्याच्या नावानं चालते, त्या वल्साल्वानं १७०४ मध्ये ती कानातला पू काढायलाच सांगितली होती.

खासबाग :
मग ‘फुटणे’ आमचंच खरं! आजी गळवालाही ‘फुटलं’ म्हणायची.

कळंबेकर :
पत्रक उद्या छापायला जातंय. ‘दाब जुळवा’ टाकू का?

शब्दवेडी :
गळू फुटतं, कान वाहतो. दोन्ही क्रियापदं वेगळी ठेवा.