सी ड्राइव्हात फक्त विंडोज, घरचं सगळं डी वर: हा आग्रह अजून धरावा का?

मयेतळं (डिचोली)
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून ओळखीतले जुने संगणक माझ्या टेबलावर येताहेत. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) असेल आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत असेल तर विंडोज ११ टाकतो, नाहीतर लिनक्स मिंट. गाडं अडतं ते एकाच जागी. चवथीचे फोटो डेस्कटॉपवर, जमिनीच्या वन-फोर्टीनचे (गोव्यातला सातबारा म्हणा) स्कॅन डाउनलोड्समध्ये, मुलीचं प्रोजेक्ट डॉक्युमेंट्समध्ये, म्हणजे सगळं सी मध्येच. मग फॉरमॅट मारायच्या आधी घरातल्या प्रत्येकाला फोन करून विचारत बसायचं, तुमचं कुठे काय आहे.

माझं मत स्पष्ट आहे. विंडोजला दीडशे-दोनशे जीबी द्यावेत, उरलेल्याचं डी करावं. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे फोल्डरांवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह, की ते डी वर जातात आणि घरच्यांना फरक कळतही नाही. लिनक्सवाल्यांनी होमचं, म्हणजे आपल्या फाइलींच्या फोल्डराचं, पार्टिशन (डिस्कचा भाग) वेगळं ठेवावं. विंडोज बिघडलं तर सी पुसा, डी ला हात लावू नका.

वास्कोवाला
साफ असहमत. सी आणि डी या एकाच डिस्कवर आखलेल्या दोन रेघा आहेत. जूनमध्ये गडगडाट सुरू झाला, वीज गेली आणि येताना दाब वाढून आली, की डिस्क मरते ती अख्खी. लोकांना मात्र वाटतं, ‘डी वर ठेवलंय, म्हणजे सुरक्षित आहे’. हा गैरसमज पसरवण्यात दुकानदारांचा हात मोठा.

दुसरं, जागा. सी लाल होतो, डी अर्धा रिकामा. डिस्क मॅनेजमेंटमधून सी वाढवायचा तर रिकामी जागा त्याला लागूनच उजवीकडे हवी, आणि तिथे नेमका डी बसलेला. मग कुठलंतरी फुकट सॉफ्टवेअर घेऊन पार्टिशन सरकवत बसा, आणि मध्येच वीज गेली तर? एकच पार्टिशन ठेवा आणि पैसे एक्स्टर्नल डिस्कवर घाला.

मयेतळं
वास्कोवाला, डिस्क मरणं आणि विंडोज बिघडणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्यावर डी हे औषध नाही, मान्य. मी तसं म्हटलंही नाही. पण माझ्याकडे येणाऱ्यांत दुसरंच दुखणं जास्त.

वास्कोवाला
त्यालाही डी लागत नाही. ‘रीसेट धिस पीसी’मध्ये ‘कीप माय फाइल्स’ आहे. फॉरमॅट न करता त्याच पार्टिशनवर विंडोज टाकलं तरी जुनं सगळं विंडोज-ओल्ड फोल्डरात जातं, तिथून उचला. लिनक्सचं वेगळं होम म्हणाल तर डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) बदलली की जुन्या सेटिंगच्या लपलेल्या फाइली नव्याच्या गळ्यात पडतात. तोही अनुभव घ्या एकदा.

शापोराकाठी (पेडणे)
तुम्ही दोघे ज्याला ‘डेटा’ म्हणता तो माझ्याकडे तसा सुटा नाहीच. आमच्या मंडळाच्या नाटकांच्या संहिता, देवळाच्या जत्रेची निमंत्रणं, पावत्यांचे नमुने, सगळं वर्षानुवर्षं श्रीलिपीत टाइप केलेलं, युनिकोडच्या आधीच्या फाँटांत. फाइली डी वरच होत्या. दुकानात विंडोज नवं टाकलं, डी शाबूत, कोणी हात लावला नाही. घरी येऊन पहिला अंक उघडला तर नांदीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. कारण फाँट सी मध्ये, विंडोजच्या फाँट्स फोल्डरात, आणि ते फॉरमॅटबरोबर गेले. मजकूर अक्षरशः तोच आहे, पण वाचता येत नाही. अशी फाइल वाचली म्हणायची की गेली?

तेव्हा ‘आपलं’ आणि ‘सिस्टीमचं’ ही फाळणी तुम्ही म्हणता तितकी सरळ नाही. ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड ॲपडेटा या लपलेल्या फोल्डरात, म्हणजे सी वर. जुन्या, २००७ पर्यंतच्या आउटलुकच्या पीएसटी (मेल साठवणाऱ्या) फाइलीचंही तेच. डॉक्युमेंट्स हलवल्याने ॲपडेटा हलत नाही.

मयेतळं
शापोराकाठी, या धाग्यातला सर्वांत खरा मुद्दा तुमचा. फाँट आणि सॉफ्टवेअरचे इन्स्टॉलर डी वरच्या एका फोल्डरात ठेवा, डोंगल (सॉफ्टवेअर चालायला लावावी लागणारी यूएसबी किल्ली) असेल तर तो जपा. पूर्ण झालेल्या संहितांची फाँट एम्बेड केलेली (फाँट फाइलीतच भरलेली) पीडीएफ काढा. आणि सवड मिळेल तसं युनिकोडमध्ये रूपांतर करा. जोडाक्षरं नि रफार तपासावे लागतील, कन्व्हर्टरवर डोळे मिटून विसंबू नका. ब्राउझरसाठी मात्र एक्स्पोर्टशिवाय इलाज नाही.

सुशेगाद
एवढी भांडणं कशाला बाबांनो? सगळं क्लाउडवर टाका नि झोपा.

वास्कोवाला
वनड्राइव्ह फुकट मिळतं पाच जीबी. एका चवथीचे, मातोळीपासून विसर्जनापर्यंतचे व्हिडिओच त्याहून जास्त भरतील. शिवाय ते सिंक आहे, बॅकअप नव्हे. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं, रिसायकल बिनमध्ये तीस दिवस काय ते राहतं.

गावठण
डी च्या बाजूने बोलणाऱ्यांसाठी एक इशारा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या मशीनवर किंवा कोरं इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉग-इन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला सांकेतिक कुलूप) बहुतेक ठिकाणी आपोआप सुरू होतं, आणि ते आतल्या डी लाही लागतं. सी पुसून विंडोज पुन्हा टाकलंत की डी अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की मागतो. ती त्या अकाउंटमध्ये असते. अकाउंट दुकानातल्या पोराने स्वतःच्या ईमेलने उघडून दिलेलं असेल तर बसा. फॉरमॅटच्या आधी की कागदावर उतरवून घ्या.

मयेतळं
गावठण, हे मी टेबलावर चिकटवून ठेवतो. त्यात माझी एक भर. ‘रीसेट’मध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडलं तर फक्त विंडोजचा ड्राइव्ह पुसायचा की सगळे, असा पर्याय असतो. घाईत ‘सगळे’ दाबलं की डी गेला.

वास्कोवाला
म्हणजे की उतरवा, पर्याय नीट वाचा, फाँट वेगळे ठेवा, ब्राउझर एक्स्पोर्ट करा. एवढं करणारा माणूस फॉरमॅटआधी सगळं एक्स्टर्नलवर कॉपी करून, ती सोडवून कपाटात नाही का ठेवणार? जोडून ठेवाल तर रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) तीही लॉक करतं. २०१७ च्या वॉनाक्रायने समोर दिसेल तो ड्राइव्ह धरला होता, तुमचा डी धरून. मग डी ची गरज उरते कुठे?

मयेतळं
जो एक्स्टर्नल न घेताच संगणक घेऊन येतो आणि ‘संध्याकाळपर्यंत पाहिजे’ म्हणतो, त्याच्यासाठी. त्याला तुम्ही काय सांगता, परत जा?

वास्कोवाला
हो. परत जा आणि डिस्क घेऊन ये, असंच सांगतो.

शापोराकाठी
मी डिस्क घेतली आहे. पेडण्याहून डिचोलीला जत्रा आटपल्यावर येईन. श्रीलिपीची जुनी सीडी सापडली, पण दमटपणाने तिला बुरशी आलीय. पुसून चालेल का?

मयेतळं
मऊ सुती कापडाने, मधून कडेकडे पुसा, गोल फिरवू नका. वाचली तर आधी तिची कॉपी काढू, मग बाकीचं बघू.