अनुभव धागा : कोकणातलं छोटं लग्न, बेताचे पैसे आणि पुरेपूर हौस

सुरंगीचा_वळेसार

काल सकाळी शिरोड्याच्या बाजारात एका मावशींच्या पाटीत सुरंगीचे वळेसार (वासाच्या फुलांचे गजरे) दिसले आणि भाजी घ्यायची राहूनच गेली. माझ्या लग्नाला यंदा १६ वर्षं झाली. ते लग्न अख्खं या वासात लागलं होतं.

तेव्हा बाबा निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली, धाकटा भाऊ शिकत होता. लग्नासाठी कर्ज काढायचं नाही, हे मी आणि नवऱ्याने साखरपुड्याआधीच ठरवलेलं. पण कसंबसं उरकलेलं लग्नही मला नको होतं. सुंदर हवं होतं, आपलं वाटेल असं. सजावटवाल्याने जरबेरा, थर्माकोलचे खांब आणि लाल गालिच्याचे ३५ हजार सांगितले. आई ऐकून घेत होती. तो गेल्यावर म्हणाली, "दारात सुरंगी फुललीय नि फुलं घाटावरून कशाला आणायची गो?"

मग तारीखच मार्चमधली धरली. सुरंगीची फुलं फांदीच्या लाकडाला चिकटून येतात आणि उमलायच्या आत, कळीतच काढावी लागतात. लग्नाच्या दिवशी पहाटे दोन काका झाडावर आणि खाली अंथरलेल्या जुन्या लुगड्यांभोवती सगळ्या काक्या. सहा वाजता ओटीवर बसून त्यांनी वळेसार करायला घेतले. माझी वेणी, नवऱ्याच्या मुंडावळ्या, आणि अंतरपाटाच्या चारही कडांना सुरंगी टाचलेली. अंतरपाट आजीच्या पांढऱ्या लुगड्याचा. समोर काहीच दिसत नव्हतं, नुसता वास येत होता, आणि पलीकडे तो उभा आहे एवढं कळत होतं.

१२० माणसं, कपडे धरून, दागिने सोडून ८२ हजार.

काल घरी येऊन शालूची घडी उघडली. एक वळेसार तेव्हा आत ठेवला होता. आता तपकिरी झालाय, हात लावला की भुगा होतो. वास आहे अजून.

भाचीचं लग्न ठरलंय, जवळ अडीच लाख आहेत, माणसं शंभराच्या आत. तुम्ही कसं केलंत ते लिहा ना. काय जमलं, काय फसलं, कशावर घातलेले पैसे वसूल झाले. आकडे लिहिलेत तर फारच बरं.

कुडाळची_माहेरवाशीण

वाचताना डोळे भरून आले ताई. आमच्याकडे आंबोलीच्या पावसासारखी माणसं आली होती, २०० धरली नि ३४० जेवली 😄 सविस्तर रात्री लिहिते, कुकर लावलाय.

पोफळीच्या_बागेतून

आमच्या वाडयेत अजून मांडव आपणच घालतत. बांबू शेजाऱ्याचे, झाप आमच्याच माडांचे, हात सगळ्यांचे. पैशे गेले ते सुंभाचे आणि चायचे. खांबांका पोफळीचे शिपटे नि आंब्याचे टाळे बांधले. पुण्याचे पाव्हणे फोटो काढून दमले.

भरती_ओहोटी

किनाऱ्यावर लग्न करायची भाचीची इच्छा असेल तर आधी हे वाचा.

माझ्या बहिणीचं संध्याकाळचं स्वागत वेळेवर (वाळूवर) होतं. ग्रामपंचायतीचं पत्र घेतलेलं, पोलीसपाटलांना सांगितलेलं, सगळं रीतसर. मांडणीवाल्याने दुपारी एकला खुर्च्या लावल्या, घट्ट ओल्या वाळूवर, पाण्याच्या जवळ, कारण तिथून समुद्र छान दिसत होता. तिथी अष्टमी. साडेचारला पहिल्या रांगेच्या पायांना पाणी लागलं. पाचला सगळे भाऊ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खुर्च्या उचलतायत. आईने केलेली रांगोळी गेली. ती काही बोलली नाही, पण त्या फोटोत तिचा चेहरा बघवत नाही मला.

खारवी_१

भरती_ओहोटी, वाईट वाटलं. आमच्याकडे कुणाही म्हाताऱ्याला विचारलं असतं तर त्याने बोटावर सांगितलं असतं. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमी म्हणजे आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती. त्या दिवशी भांग असतो, पाणी उधाणाएवढं चढत नाही, पण ओल्या वाळूवर बसाल तर येणारच. दुपारी जी वाळू ओली दिसते ती समुद्राचीच.

संध्याकाळी कार्यक्रम हवा तर पौर्णिमा धरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी बाराच्या आत-बाहेर भरती आणि साडेपाच-सहाला सुकती (ओहोटी). किनारा लांबच्या लांब मोकळा, आणि मावळतीला सूर्य जातो तेवढ्यात मागून माडांच्या वर चंद्र. दिव्यांचा खर्चही वाचतो. फक्त रात्री दहानंतर थांबू नका, पाणी परत चढायला लागतं, नि पौर्णिमेचं म्हणजे उधाणाचं.

भरती_ओहोटी

हे आम्हाला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणतेय, लहान मुलीच्या वेळी पौर्णिमाच.

सुरंगीचा_वळेसार

खारवीदादा, हे मी वहीत लिहून घेतलंय. मुहूर्त सकाळी घरात आणि संध्याकाळी पौर्णिमेला किनारा, भाची नाचायला लागली.

गुहागरची

एक विनंती, मनापासून. हिवाळ्यापासून मेपर्यंत वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, पिल्लं बाहेर पडतात. ती उजेडाच्या दिशेने चालतात, म्हणून समुद्राऐवजी हॅलोजनकडे जातात नि मरतात. किनाऱ्यावर मोठे दिवे, डीजे, फटाके नकोत. आम्ही काचेच्या बरण्यांत पणत्या ठेवल्या, त्याही आठला विझवल्या. गावातले कासवमित्र आले होते लग्नाला, त्यांनी कुठे बसायचं ती जागाच दाखवली. आणि खरं सांगू, हॅलोजनखाली कुणाचाच चेहरा चांगला दिसत नाही.

गंजिफा_प्रेमी

पत्रिकेचं लिहिते. दशावतारी गंजिफेचा (जुन्या गोल पत्त्यांचा) डाव १२० पानांचा असतो, दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं. आमची पाहुण्यांची यादी ११७ वर थांबली होती, ती मुद्दाम १२० केली. सावंतवाडीच्या कारागिरांकडून हाताने रंगवलेला डाव परवडणारा नव्हता, म्हणून एकच मत्स्याचं पान विकत घेतलं आणि बाकी मी आणि नणंदेने जाड पुठ्ठ्यावर गोल कापून तीन महिने रात्री बसून रंगवली. प्रत्येकाच्या हातात एक पान. त्या पानावरचा अवतार बघून पंगतीत बसायचं, बारा-बारांच्या दहा पंगती. त्यामुळे माझी विधवा मावशी, तिला कायम मागच्या पंगतीला बसायची सवय, ती मत्स्याच्या म्हणजे पहिल्या पंगतीला बसली. पान तिला मीच निवडून दिलं होतं.

पुठ्ठा, रंग, ब्रश मिळून २१०० रुपये. लोकांनी ती पानं देव्हाऱ्याजवळ ठेवलीयत अजून.

नवी_नवरी_मे_महिन्यातली

गंजिफा_प्रेमी 🙏🙏 मावशीचं वाचून रडले.

माझा प्रश्न वेगळा आहे. नोंदणी पद्धतीने करायचंय. मुलगा पुण्यात, मी रत्नागिरीत. तारीख १८ मे. अजून काही केलेलं नाही. उशीर झाला का?

कचेरीतला_अनुभव

लगेच हला. विशेष विवाह कायदा १९५४ चा, त्यात नोटिशीनंतर ३० दिवस थांबावं लागतं. दोघांपैकी एकजण नोटिशीआधी निदान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहत असला पाहिजे, तुम्ही रत्नागिरीतच आहात म्हणजे ते सुटलं. लग्नाला साक्षीदार तीन. आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न लागलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. आमचं तसंच झालं, मुलाची रजा रद्द झाली, तारीख पुढे गेली नि नोटीस वाया. जन्मतारखेचा आणि राहण्याचा पुरावा, फोटो, साक्षीदारांची ओळखपत्रं, सगळ्यांवर नाव एकसारखं आहे ना ते आजच बघा. माझ्या बायकोच्या आधारवर आडनावाचं एक अक्षर वेगळं होतं, त्यात बारा दिवस गेले.

नोंदणीनंतर घरी ६० माणसांना आमरस-पुरी, डाळिंब्यांची उसळ, कैरीची डाळ. आंबे सासऱ्यांच्या बागेतले. एकूण ३८ हजार. सुखाचा दिवस होता.

दोन_मुलांची_आई

विधी करून लग्न केलं तर हे सगळं लागत नाही ना?

कचेरीतला_अनुभव

नाही. ते लग्न लागल्यावर नुसती नोंदणी. गावात ग्रामपंचायतीत ग्रामसेवकांकडे होते. पत्रिका, फोटो, भटजींची सही तयार ठेवा.

कुडाळची_माहेरवाशीण

आले. ३४० माणसांचं सांगते, कारण छोट्या लग्नाचं खरं दुखणं तेच आहे. पैशाचं गणित जमतं हो, यादीचं जमत नाही. शहरात ५० माणसांत होतं. गावात 'घरटी एक' सांगितलं तर रुसतात नि 'चूलबंद' (घरातल्या सगळ्यांनी या) सांगितलं तर अख्खी वाडी येते. बाबांनी शरमेने चूलबंद सांगितलं. भात पुन्हा दोनदा चढवला, माझ्या भावाला शेवटी ताक-भात मिळाला.

धाकटीच्या वेळी शहाणे झालो. लग्न ७० माणसांत, आणि तिसऱ्या दिवशी सत्यनारायणाला वाडी. प्रसाद, चहा, रात्री भजन. बाबा आणि काका स्वतः प्रत्येक दारात जाऊन हात जोडून सांगून आले की लग्न लहान आहे, पूजेला मात्र सगळ्यांनी यायचं. एकजण रुसला नाही. नुसता फोन केला असता तर रुसले असते. पूजेचा खर्च १४ हजार.

डोंबिवलीकर_मूळ_देवगड

मुंबईचे पाहुणे असतील तर गाडीचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. मे महिन्यात तुतारी, कोकणकन्या, मांडवी मिनिटांत भरतात. आमची २२ माणसं उभ्याने आली, त्यात ७४ वर्षांची आत्या. तिला डब्यात एका मुलाने जागा दिली, नि तिने त्याला लग्नाचं आमंत्रण दिलं. आला तो!! कणकवलीचा होता.

मोदक

जेवणाचं कुणीच नीट लिहीना. मार्च-एप्रिल असेल तर ओल्या काजूगरांची उसळ हवीच. आम्ही ११० माणसांना दोन हजार बिया आणल्या, शेकड्यावर मिळतात. सोललेल्या घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी. आम्ही बचत म्हणून न सोललेल्या घेतल्या. सालीच्या तेलाने हात भाजतात, खोबरेल चोपडून बसलो तरी माझ्या जावेच्या बोटांची सालं निघाली, नि त्याच हातांवर मेंदी काढायची होती. मेंदी मग फक्त मनगटाला काढली.

बाकी पानात वरण-भात, खतखतं, फणसाची भाजी, सोलकढी, पुरणपोळी. केळीची पानं घरची. गोडाचे दहा प्रकार नकोत, एकच करा पण गरम वाढा.

दोन_मुलांची_आई

सोलकढी किती लागते ११० ला?

मोदक

वाटी-वाटी धरून २५ लिटर केली, संपली. नारळ ४० गेले. आगळ (कोकमाचा रस) घरचं. जेवणाआधी तासभरच करा, मेच्या उन्हात फुटते.

आईची_साडी

मी आईचीच नारायणपेठ नेसले, फक्त ब्लाऊज नवा. शिवणारणीने आईच्या जुन्या ब्लाऊजचे काठ उसवून माझ्या बाह्यांना लावले. फोटोग्राफर फक्त चार तास, सकाळी सात ते अकरा, ९ हजार. उजेड कोवळा, सगळे ताजेतवाने. अकरानंतर घामाने कोकणात कुणाचा मेकप टिकत नाही.

नवी_नवरी_मे_महिन्यातली

कचेरीतला_अनुभव दादा, आज नोटीस दिली. बाबा सोबत आले होते. बाहेर आल्यावर त्यांनी कोकम सरबत पाजलं आणि म्हणाले, झालं की गो अर्धं लग्न.

सुरंगी मेमध्ये मिळेल का कुठे?

सुरंगीचा_वळेसार

अभिनंदन बाळा! मेमध्ये सुरंगी नाही गं मिळायची, बहर एप्रिलपर्यंत सरतो. अबोली असेल, सोनचाफाही मिळेल. नाहीतर पत्ता कळव, त्या मावशींकडून आता एक वळेसार घेऊन सावलीत सुकवून पाठवते, साडीच्या घडीत ठेव. त्या दहाच्या आत उठून जातात, उद्या लवकर जाते.