‘हॅकल’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: ट्राउट आणि ग्रेलिंग या माशांसाठीच्या ‘पार्ट्रिज अँड ऑरेंज’ फ्लायची (गळावर पीस नि रेशीम बांधून केलेल्या नकली कीटकाची) कृती मराठीत लिहितोय. फ्लायला ‘माशी’ केलं, पण हॅकलपाशी गाडी अडली. शब्दकोशात ‘कोंबड्याच्या मानेचं पीस’ असं आहे. ‘मानपीस’ चालेल?

पिसारा: नाही हो. या फ्लायमध्ये कोंबडा नाही नि मानही नाही, तित्तिराच्या पाठीचं तपकिरी पीस आहे. पीस कुठलंही असो, गळाच्या दांडीभोवती वेढल्यावर चहूकडे उभे राहतात ते तंतू म्हणजे हॅकल. मी ‘झालर’ म्हणते. कोंबड्याची ताठ झालर फ्लायला तरंगत ठेवते, तित्तिराची मऊ झालर पाण्याखाली हलते.

गरीवाला: झालर छान. पण वाचणारा ती दाट करील, म्हणून आकडे द्या. गळ १४ नंबरचा. ग्रेलिंगचं तोंड लहान, तेव्हा १६, म्हणजे आणखी छोटा गळही चालेल. पिसाचे दीड ते दोन वेढे, बस्स. त्यापुढे गेलात की कीटकाऐवजी दाढीचा ब्रश होतो. तंतू गळाच्या वाकापर्यंत किंवा जेमतेम पुढे. पीस शेंड्याकडून बांधा, बुडाचा जाड कणा बांधला तर डोकं फुगतं. आणि गळाच्या डोळ्यामागे, म्हणजे तंगूस ओवायच्या कडीमागे, मिलिमीटरभर जागा आधीच सोडा. नवशिके रेशीम डोळ्याला भिडवतात, मग शेवटची गाठ डोळ्यावर चढते नि तंगूस आत जात नाही.

शुद्धलेखन: माझी हरकत ‘माशी’ला. ‘माश्यांना मेण लावा’ यातला एक य गळला की मेण माशांना लागतं! ‘फ्लाय’च राहू द्या.

पिसारा: मान्य. क्रियापदही सरसकट ‘बांधणं’ नको. इंग्लंडात विल्टशरमधल्या एव्हन नदीचे एकेकाळचे राखणदार फ्रँक सॉयर यांच्या फेझंट टेल निंफमध्ये (पाण्यातल्या कीटकाच्या पिल्लासारख्या फ्लायमध्ये) दोराच नाही. तांब्याची बारीक तार नि फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे चारेक तंतू एकत्र पिळून दांडीवर गुंडाळायचे. वजन तारेचं, छातीचा फुगवटाही तारेचाच. इथे ‘वळणं’ शोभतं, वात वळतो तसं.

प्रश्नकर्ता: झालर घेतली, फ्लाय ठेवली. नारिंगी रेशीम भिजल्यावर तपकिरीकडे झुकतं, ते ‘काळवंडतं’ म्हणू?

गरीवाला: ‘गडद होतं’ म्हणा, ते हवंच असतं. काळं मेण जास्त चोपडलंत तर मात्र काळवंडतं.