डार्क नाइट राइझेस : तिसरा भाग खरंच फसला का? शेवट, बेनचा आवाज आणि पडद्यावरच्या काळ्या पट्ट्या

पऱ्हाटी

तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाच्या, रात्री वाड्याच्या अंगणात दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलनचे तिन्ही बॅटमॅन लागोपाठ लावायचं ठरलं आहे. घरचीच बारा-पंधरा जणं, बाहेरचं कोणी नाही. पहिल्या दोन भागांवर कुणाचा वाद नाही. तिसऱ्यावर मात्र सरळ दोन तट आहेत. एक तट म्हणतो, दुसऱ्या भागातला खलनायक जोकर गेला तिथेच मजा संपली, 'राइझेस' लावूच नका. दुसरा म्हणतो, शेवट न दाखवता उठलात तर आधीचे पाच तास पाण्यात.

इथल्या जाणकारांनी सांगावं : तिसरा भाग कमजोर आहे का, आणि असेल तर नेमका कुठे? शेवटी कॅफेत दिसतो तो ब्रूस वेन (म्हणजे बॅटमॅनच) खरा की त्याचा जुना नोकर आल्फ्रेड याचं स्वप्न? शिवाय दोन अडचणी. तिसऱ्या भागातला मुखवट्याचा खलनायक बेन काय बोलतो ते स्पीकरवर कळत नाही, आणि चालू सिनेमात चादरीवर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात नि जातात. प्रोजेक्टर बिघडला आहे का?

धुऱ्यावरचा

कमजोर आहे, आणि त्याचा जोकरशी काही संबंध नाही. नोलनने तिसऱ्या भागात जोकरचं नावही घेतलेलं नाही, जोकर करणारा हीथ लेजर 2008 च्या जानेवारीत गेला होता. दुखणं आहे वेळेच्या हिशेबाचं.

शेअर बाजाराचा प्रसंग घ्या. बेन आत घुसतो ते बाजार चालू असताना, म्हणजे दिवसाढवळ्या. प्रोग्रॅमला किती वेळ लागेल विचारतो, उत्तर येतं आठ मिनिटं. मग मोटारसायकली निघतात, उजेडात बोगद्यात शिरतात आणि बाहेर पडतात तेव्हा काळोखी रात्र. आठ मिनिटांत सूर्य मावळला? बॅटमॅनला रात्रीच आणायचं होतं म्हणून केलेली ही ओढाताण आहे.

आता त्या सौद्यांचंच बघा. ब्रूसच्या बोटांच्या ठशांवर वायदेबाजारात मोठमोठे पुट (ठरल्या भावाने विकण्याचा हक्क) घेतले गेले, ते मध्यरात्री संपले आणि वेन कंगाल. इकडे सोयाबीनच्या वायद्यावर 2021 च्या डिसेंबरपर्यंत, म्हणजे तो बंद होईपर्यंत, नजर ठेवून असलेल्या कुणालाही विचारा. पुट विकत घेणाऱ्याचं नुकसान होऊन होऊन किती? भरलेल्या प्रीमियमएवढं, म्हणजे त्या हक्काच्या किमतीएवढं, त्यावर एक पैसा नाही. म्हणजे सगळी इस्टेट एका दुपारी प्रीमियम म्हणून भरली असं धरावं लागतं. आणि बंदुका घेऊन लोक बाजारात शिरले त्याच दिवसाचे सौदे कोणतं एक्सचेंज कायम ठेवेल? ते रद्द करायचा अधिकार त्यांच्याकडे असतोच. ब्रूसची कंपनी सांभाळणारा फॉक्स म्हणतो, पुढेमागे फसवणूक सिद्ध करता येईल, पण आज तुम्ही कफल्लक आहात. लेखकाला भोक माहीत होतं, त्याने एका वाक्याचं ठिगळ लावलं.

गुडघ्याचंही तेच. डॉक्टर तपासून सांगतो की गुडघ्यात कूर्चा उरलेलीच नाही, खांदे नि कोपरं कामातून गेली, मूत्रपिंडावर व्रण, मेंदूला मार. ब्रूस पायाला पट्टा लावतो आणि लाथेने वीट फोडतो. छान. पण बेन पाठ मोडून त्याला ज्या खड्ड्यातल्या तुरुंगात टाकतो तिथे तो पट्टा कुठे आहे? तिथे हा उघड्या पायाने भिंत चढतो. तो पट्टा नंतर कुणाला आठवतच नाही.

खड्ड्यातून बाहेर पडल्यावर तर कमाल. आजूबाजूला ओसाड रान, खिशात दमडी नाही, त्याच्या गॉथम शहराचे पूल उडवलेले, शहराला वेढा. पुढच्या प्रसंगात साहेब गॉथममध्ये हजर. खड्ड्यातून बाहेर येण्याचा तो प्रसंग जोधपूरजवळ चित्रित झाला आहे, बारकाईने पाहिलं तर मागे मेहरानगड दिसतो. पडद्यावर तेवढं तरी ओळखीचं.

बोंडअळी

धुऱ्यावरचे भाऊ, पट्ट्याचं तुमचं बरोबर हाय. पण खड्ड्याचं प्रकरण तुम्ही दोन वाक्यात उडवून देऊन रायले. सिनेमाचा जीव थेच तर हाय, आन् ज्यानं विहीर पाह्यली त्याले थे लवकर समजते.

पाहा, कंबरेले दोर बांधून कैदी वर चढते, मधात एका कठड्यावर येते, तिथून उडी मारते, पडते, दोर हिसका देते. आता हिशेब करा. वीस फूट पडलं की वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या जवळपास होते. थो वेग नुसत्या कंबरेवर आन् न ताणणाऱ्या दोरानं थांबवला तर मार बसते माकडहाडाच्या वर, जिथं ब्रूसची पाठ आधीच मोडेल हाय. आपल्याकडं गाळ काढाले उतरणारा माणूसही नुसता कंबरेले दोर बांधत नाही, मांड्याखालून फास घेऊन बसकी करते. गिर्यारोहक लोक ताणणारा दोर वापरतात, त्याचं कारण हेच.

दुसरं, दोराचं वजन. इंचभर जाड दोर मीटरले चारशे ग्रॅम धरा, दहा मीटर लोंबला म्हणजे चार किलो झाले. चार किलो मागं वढत असताना उडी पुरते काय? म्हातारा कैदी म्हणते, पूर्वी इथून निसटलेल्या लहान पोरीनं चढलं तसं चढ, दोराशिवाय. सिनेमा म्हणते मरणाची भीती पायजे. मी म्हणतो भीती तर हायच, वजनही कमी झालं. पोरगी हलकी, दोर नाही, म्हणून थे पार झाली. दोन्ही अर्थ एकाच उडीत बसवणं सोपं काम नोहे.

आन् खालून सगळे कैदी वरडतात, 'डेशी बसारा'. सिनेमाचा संगीतकार हान्स झिमर, त्यानं त्या घोषासाठी जगभरातल्या लोकांचे आवाज इंटरनेटवरून मागवले होते. अंगणात थे वाजलं की लेकरंही वरडतील, पाहून घ्या.

मधात एक सांगतो. बाहेर आलेला मणका कैदी बुक्की मारून बसवते, थे पाहून कोणी घरी प्रयोग नोका करू. पाठीत चमक भरली की हाडवैद्याकडं पयनारे लय हायत. सरकलेल्या मणक्यावर असा दाब दिला तर पाय कायमचे जाऊ शकतात.

वायरमन

सिनेमा चांगला की वाईट ते तुम्ही ठरवा. प्रोजेक्टर बिघडलेला नाही.

हा सिनेमा दोन प्रकारच्या फिल्मवर काढला आहे. साधारण 72 मिनिटांचा भाग आयमॅक्स कॅमेऱ्यावर (मोठ्या फिल्मचा, उंच चित्राचा), बाकी 35 मिमीवर. डिस्कवर आयमॅक्सचे प्रसंग पूर्ण 16:9 भरतात आणि बाकीचे 2.40:1 मध्ये, म्हणजे वर-खाली पट्ट्यांसह. तुमची चादर आठ फूट रुंद असेल तर आयमॅक्सचं चित्र साडेचार फूट उंच येईल आणि बाकीचं तीन फूट चार इंच. 'डार्क नाइट'मध्येही हाच प्रकार आहे, पण तिथे आयमॅक्स सगळं मिळून अर्ध्या तासापेक्षा कमी आहे म्हणून जाणवत नाही. ऑनलाइन प्रत असेल तर पट्ट्या सगळीकडे सारख्याही असू शकतात. काहीही असो, प्रोजेक्टरचं झूम वापरून पट्ट्या घालवायला जाऊ नका. आयमॅक्सचा प्रसंग आला की डोकी कापली जातील आणि खालची सबटायटल्स चादरीबाहेर जातील. पूर्ण 16:9 जुळवा आणि मग हात लावू नका.

आता बेन. 2011 च्या डिसेंबरमध्ये विमानाचा सुरुवातीचा प्रसंग काही आयमॅक्स पडद्यांवर आधीच दाखवला होता. तेव्हाही लोकांची हीच तक्रार होती, आणि नंतर त्याचा आवाज वर आणला गेला. तरीही साध्या स्पीकरवर तो हरवतो. मूळ ध्वनी 5.1, म्हणजे सहा वेगळ्या चॅनेलचा आहे, त्यात संवाद मधल्या चॅनेलवर आणि दणके-संगीत बाकीच्यांवर. लॅपटॉप ते सगळं दोन स्पीकरमध्ये कोंबतो, तेव्हा झिमरचे ढोल संवादावर बसतात. आवाज वाढवला की ढोलही वाढतात, म्हणून नुसता आवाज वाढवून काही होत नाही.

सिनेमा लावायला व्हीएलसी प्लेअर वापरत असाल तर टूल्समध्ये इफेक्ट्स अँड फिल्टर्स उघडा. कंप्रेसर चालू करा : थ्रेशोल्ड उणे 20 डेसिबल, रेशो 4, मेकअप गेन 8 ते 10. याने दणके दबतात आणि बोलणं वर येतं. मग इक्वलायझरमध्ये 60 आणि 170 हर्ट्झच्या पट्ट्या चार-पाच डेसिबल खाली आणि 3 किलोहर्ट्झची तीन-चार डेसिबल वर. शब्द तिथेच असतात. लग्नातला मोठा बेसचा डबा आणणार असाल तर तो न आणलेलाच बरा. बोलण्यासाठी भजनाच्या साउंडचा कॉलम चांगला. स्पीकर चादरीच्या बाजूला, ऐकणाऱ्यांच्या कानाच्या उंचीवर, जमिनीवर नको. आणि सबटायटल्स लावाच. पट्टीचे इंग्रजीवालेही बेनसाठी लावतात.

विजेचा हिशेब. 140, 152 आणि 164 मिनिटं, एकूण 456. सात तास छत्तीस मिनिटं. अंधार पडल्याशिवाय अंगणात चित्र दिसणार नाही. सातला सुरू केलं आणि दोन मध्यंतरं घेतली तर पहाटेचे तीन वाजतात. दिव्याचा प्रोजेक्टर 250 वॉट, लॅपटॉप 60, स्पीकर 40, म्हणजे 350. दीडशे एएचची एक चांगली बॅटरी यावर तीन तासांच्या आसपास टिकेल, म्हणजे एकच सिनेमा. लाइन जाते तेव्हा दिव्याच्या प्रोजेक्टरचा पंखाही थांबतो आणि तापलेला बल्ब तसाच राहून लवकर उडतो, म्हणून प्रोजेक्टर पहिल्यापासून इन्व्हर्टरवरच लावा. दिवस पावसाचे, किडे प्रोजेक्टरच्या उजेडावर येतील. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला एक पांढरा बल्ब लावून ठेवा, बरेचसे तिकडे जातात.

चांदण्यातली

शेवटाबद्दल. स्वप्न नाही. ज्यांना स्वप्न वाटतं त्यांनी तिसऱ्या भागाचा पहिला तास जेवता जेवता पाहिलेला असतो.

फॉक्स 'बॅट' हे विमान ब्रूसला दाखवतो तेव्हाच सांगतो की ऑटोपायलट चालत नाही. हे वाक्य तेव्हा फालतू वाटतं. शेवटी फॉक्स तंत्रज्ञांना विचारतो, ते म्हणतात ऑटोपायलट दुरुस्त आहे, सहा महिन्यांपूर्वी पॅच टाकला, टाकणाऱ्याचं नाव ब्रूस वेन. मग पोलीस आयुक्त गॉर्डनला छतावर बॅटचा दिवा नवा केलेला सापडतो. तरुण पोलीस ब्लेकला बॅटमॅनच्या गुहेचा पत्ता मिळतो. यातलं काहीही आल्फ्रेडच्या डोळ्यांसमोर घडत नाही, मग ते त्याच्या स्वप्नात कसं येईल?

आणि मोत्यांची माळ. सिनेमाच्या सुरुवातीला चोरटी सेलिना ती ब्रूसच्या तिजोरीतून चोरते, त्याच वेळी ठसेही नेते. ब्रूस माळ परत घेतो. तो गेल्यावर इस्टेटीच्या यादीत ती माळ सापडत नाही म्हणून वकील कुरकुरतो. कॅफेत सेलिनाच्या गळ्यात तीच माळ आहे. पहिल्यांदा आल्फ्रेड फ्लॉरेन्सच्या कॅफेबद्दल बोलतो ते त्याच्या मनातलं, त्यात बायको असते, लेकरं असतात. शेवटी दिसते ती चोरटी, लेकरं नाहीत. स्वप्न असतं तर त्याने सूनबाई स्वतःच्या पसंतीची पाहिली असती.

धुऱ्यावरचा

माळ मान्य. पण उडी कधी मारली ते सांगा. शेवटी शहरातला बॉम्ब 'बॅट'ने समुद्राकडे ओढत नेताना तो वाटेतली एक इमारत क्षेपणास्त्रांनी उडवतो आणि धुरातून जातो. तिथे उतरला असं पुष्कळजण धरतात. पण त्यानंतर, काउंटर सेकंदांवर आलेला असताना, त्याचा चेहरा कॉकपिटमध्ये दाखवलाय. बॉम्ब चार मेगाटनचा, मारा सहा मैलांचा, म्हणजे जवळपास दहा किलोमीटर. दीड मिनिटात तेवढं जायचं तर ताशी चारशेचा वेग लागतो. विमानाला तो जमेल. पण शेवटच्या सेकंदांत उतरलेला माणूस त्या दहा किलोमीटरच्या आतच असणार.

चांदण्यातली

तो चेहऱ्याचा शॉट फसवा आहे, हे मी कबूल करते. काउंटर आणि चेहरा एकाच चौकटीत कधीच येत नाहीत, एकापाठोपाठ एक जोडलेत. चेहरा आधीचा असू शकतो. संकलकाने प्रेक्षकाला चकवलं, एवढाच दोष मी देईन. तुमच्या शेअर बाजारासारखी ती चूक नाही, ती ठरवून केलेली लबाडी आहे.

बोंडअळी

आन् दहा किलोमीटरवरून लोक पुलावर उभे राहून उघड्या डोळ्यांनी स्फोट पाहून रायले, त्याचं काय? बोगद्यातल्या सूर्यापेक्षा थे मोठं भोक हाय. पण कोणी बोलत नाही, कारण तवा सगळ्यायचे डोळे भरेल असतात.

धुऱ्यावरचा

हे मात्र खरं. तेवढ्यापुरतं माझंही तसंच होतं.

पऱ्हाटी

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं : 'बिगिन्स' आणि 'डार्क नाइट' पोळ्याच्या रात्री, 'राइझेस' एकटा तान्ह्या पोळ्याला. म्हणजे बॅटरीलाही मधला दिवस मिळतो. मध्यंतर बेन पाठ मोडतो तिथे. वायरमनभाऊ, कॉलम भजनी मंडळाकडचा मिळतोय, पण त्याला जॅक सहा मिमीचा आहे आणि लॅपटॉपला साडेतीनचा. कन्व्हर्टर चालेल ना?

वायरमन

आधी कॉलममध्ये स्वतःचा अँप्लिफायर आहे का ते बघा. नसेल तर लॅपटॉपची तार भजनाच्या अँप्लिफायरच्या ऑक्समध्ये घाला, माइकच्या भोकात नाही, आवाज फाटेल. कन्व्हर्टर स्टीरिओचा घ्या. मोनो पिन स्टीरिओच्या भोकात बसते, पण एक बाजू अर्थला (ग्राउंडला) जुळते आणि अर्धा आवाज गायब होतो. आणि आदल्या दिवशी विमानाचा पहिला प्रसंग लावून बघा. त्यात बेन कळला तर पुढे सगळीकडे कळेल.