फ्लेमिंगोंच्या आधीची तुतारी

फ्लेमिंगो येईपर्यंत खाडीवर कॅमेरा नेऊन उपयोग नाही, असं काहीजण म्हणतात ते मला काही पटत नाही. सप्टेंबरात तुताऱ्या (म्हणजे सँडपायपर, चिखलात खाणं टिपणारे छोटे पाणपक्षी) येतात तेव्हा काहींच्या अंगावर विणीच्या हंगामाचा तांबूस रंग अजून शिल्लक असतो. कर्ल्यू सँडपायपरच्या पोटावरचे ते विटकरी डाग डिसेंबरात शोधून सापडायचे नाहीत, तेव्हा सगळे करडे. फक्त भरतीची वेळ बघून जा. ओहोटीला पक्षी चिखलावर लांब पांगतात, भरती चढली की नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या पाणथळीत जवळ येऊन बसतात.

आणि ओळख पटवायची तर बसलेल्याच पक्ष्याचा फोटो काढत राहू नका. मी मागे एक ‘ग्रीन सँडपायपर’ म्हणून मिरवला होता, पाठ गडद, डोक्याशी पांढरी भुवई, सगळं जुळत होतं (म्हणजे मी जुळवत होतो). घरी शेवटची फ्रेम पाहिली, उडतानाची, हललेली, पुसणारच होतो. पंखाखालची बाजू फिकी! ग्रीनची तिथे जवळजवळ काळी असते. म्हणजे आपली साधी ठिपकेवाली तुतारी, वूड सँडपायपर. तेव्हापासून उडतानाचे धूसर फोटोही ठेवतो.