बाकूचे ३०० अब्ज डॉलर: कर्जाला न्याय म्हणायचं का?

खाडीकाठ

मुंबईतल्या काही संस्था मिळून हवामान निधीवर, म्हणजे हवामान बदलाला तोंड द्यायला श्रीमंत देशांकडून विकसनशील देशांना मिळणाऱ्या पैशावर, एक निवेदन काढतायत. मसुद्याचं पहिलं वाक्य असं: "विकसित देशांनी बाकूमध्ये कबूल केलेले वर्षाला ३०० अब्ज डॉलर वेळेत द्यावेत."

माझा आक्षेप या "द्यावेत"वरच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अझरबैजानच्या बाकूत संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद झाली, तिच्या ठरावात कोणी "देतो" म्हटलेलंच नाही. २०३५ पर्यंत वर्षाला किमान ३०० अब्ज उभे करण्यात विकसित देश पुढाकार घेतील, एवढंच त्यात आहे. तेही सरकारी, खाजगी, द्विपक्षीय, बहुपक्षीय अशा सगळ्या वाटांनी. बँकांची कर्जं त्यात आपोआप आली. शेवटचा हातोडा पडल्यावर भारताच्या प्रतिनिधींनी सभागृहातच विरोध नोंदवला, तो उगाच नाही.

आधीच्या आश्वासनाचं काय झालं ते पाहा. २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत ठरलं की २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज. ओईसीडीच्या, म्हणजे श्रीमंत देशांच्या संघटनेच्या, हिशेबाने हा टप्पा २०२२ मध्ये ओलांडला, ११५.९ अब्ज. पण त्यातल्या सरकारी पैशात सुमारे ६९ टक्के कर्ज होतं. ऑक्सफॅम या आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्थेने त्याच वर्षाची खरी किंमत काढली ती २८ ते ३५ अब्ज.

घरचं उदाहरण घ्या, पोकरा, म्हणजे बदलत्या हवामानात शेती टिकवायचा राज्याचा प्रकल्प, त्याचा पहिला टप्पा. मराठवाडा, विदर्भ आणि जळगाव मिळून १५ जिल्हे; शेडनेट, ठिबक, शेततळी. जागतिक बँकेचे ४२ कोटी डॉलर, सगळं कर्ज. २००५ पासून केंद्र असं कर्ज राज्याला त्याच अटींवर पुढे देतं, त्यामुळे डॉलर वधारला की भुर्दंड राज्याला. २०१८ मध्ये करार झाला तेव्हा डॉलर ६५ च्या आसपास होता, म्हणजे २,७३० कोटी. ८८ ने धरलं तर ३,६९६ कोटी. वरचे साडेनऊशे कोटी कोणी भरायचे? परभणीच्या शेतकऱ्याने हवा बिघडवली नाही, तरी सोसायचं त्यानेच आणि फेडायचंही त्याच्याच राज्याने. यातला विकसित देशांच्या वाट्याचा भाग मात्र तिकडे "हवामान निधी" म्हणून जमेला धरला जातो.

माझी सूचना: निवेदनात "कर्ज मोजू नका" असं सरळ लिहा.

हिशेबनीस

तळमळ पोचली, गणित चुकलंय. ४२ कोटी डॉलर एका दिवसात येत नाहीत. राज्य आधी खर्च करतं, मग दावे लावतं आणि हप्त्याहप्त्याने परतफेड मिळते. २०२२ मध्ये उचललेला डॉलर ७९-८० च्या भावाने रुपयांत आला. विनिमयाचा तोटा उचलल्या दिवसापासून फेडीच्या दिवसापर्यंतच मोजायचा. पूर्ण रकमेवर ६५ आणि ८८ लावलेत तर समोरचा पहिल्या पाच मिनिटांत तुमचं निवेदन फाडेल.

मुद्द्यावरही विरोध आहे. "कर्ज मोजू नका" म्हटलं की मेट्रो, सौर प्रकल्प, वीजवाहिन्या सगळं यादीतून गेलं. या गोष्टी स्वतःचा पैसा परत आणतात. त्यांना अनुदान कशाला? अनुदानाचा पैसा मुळात थोडा आहे. तो वानुआतू, मलावी यांच्याकडे जावा. आपण २०१४ मध्ये जागतिक बँकेच्या सवलतीच्या खिडकीतून, म्हणजे आयडीएतून, बाहेर पडलो. गरीब देशांच्या रांगेत उभं राहून त्यांच्याच ताटातलं मागायचं आणि त्याला जागतिक न्याय म्हणायचं, हे मला पटत नाही.

खाडीकाठ

हप्त्यांचा मुद्दा मान्य, आकडा मागे घेतो. पण आयडीएतून बाहेर पडलो म्हणूनच पोकराचं कर्ज आयबीआरडीचं, जागतिक बँकेच्या बिनसवलतीच्या खिडकीचं आहे, म्हणजे बाजाराच्या जवळपासच्या दराचं. २०२३ च्या अखेरीस सोफर, म्हणजे डॉलरच्या कर्जांचा पायाभूत व्याजदर, ५.३ टक्क्यांवर होता. त्यावर बँकेचं जादा व्याज, त्यावर रुपयाची घसरण. तेव्हा राज्य रोखे काढून साडेसात टक्क्यांच्या आसपास इथेच पैसे उभे करत होतं. मग उपकार कसला राहिला?

आणि कर्ज *घेऊ* नका असं मी म्हणतच नाहीये. *मोजू* नका म्हणतोय.

हिशेबनीस

मग तसं लिहा, आणि नेमकं लिहा. "अनुदान-तुल्य रक्कमच मोजा" असं. कर्जाची दर्शनी रक्कम वजा आजच्या किमतीत आणलेली सगळी परतफेड. उरेल तेवढीच खरी मदत. बाजारभावाच्या कर्जात ती शून्याच्या जवळ येते, सवलतीच्या कर्जात तीस-चाळीस टक्केही निघते. गंमत म्हणजे हीच ओईसीडी विकास-मदत मोजताना २०१८ पासून ही पद्धत वापरते आणि हवामानाच्या खात्यात मात्र दर्शनी रक्कम लावते. दोन वह्या, एकच वाणी. पकडायचं तर इथे पकडा.

नालेसफाई

तुमचं भांडण वरच्या मजल्यावर चाललंय. उद्या शंभर टक्के अनुदान आलं तरी मुंबईला ते घेता येईल का, हे बघा.

मुंबईची जुनी पर्जन्यवाहिनी तासाला २५ मिमी पाऊस आणि ओहोटी धरून बांधलेली. ती सुधारायच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पाचा अहवाल १९९३ चा. त्यात ५० मिमीपर्यंत क्षमता वाढवायची शिफारस होती. ती खऱ्या अर्थाने बाहेर निघाली २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर, आणि २००७ मध्ये केंद्राने सुमारे १,२०० कोटी मंजूर केले. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया, गझदरबंध ही उदंचन केंद्रं (पंपिंग स्टेशनं) झाली. माहुल आणि मोगरा जागेत अडकली.

आता हाच नाला घेऊन ग्रीन क्लायमेट फंडाकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान कराराखालच्या निधीकडे, जा. पहिला प्रश्न: यात हवामान बदलाचा भाग किती? याला ते क्लायमेट रॅशनाल म्हणतात. २५ वरून ५० ही जुनी थकबाकी आहे, तो "विकास", तो तुमचा तुम्ही करा. ५० च्या वरचा जो भाग वाढत्या पावसामुळे लागतो, त्याचे पैसे मागा. पण पाइप एकच असतो हो! १,२०० मिमीच्या पाइपातले कुठले ३०० मिमी विकासाचे आणि कुठले हवामानाचे, हे कागदावर वेगळं करून दाखवायचं. त्यासाठी तासातासाच्या पावसाच्या दीर्घ नोंदी लागतात, त्यावर बसवलेली प्रारूपं लागतात आणि पालिकेत ते करणारी माणसं टिकावी लागतात. बहुतेक शहरी प्रस्ताव इथेच गळतात, वरच्या वाटाघाटींपर्यंत जातच नाहीत.

उपयोगिता प्रमाणपत्र

+१. पुढची पायरी मी सांगते, कारण प्रस्तावात ती कोणी लिहीत नाही.

शहर किंवा संस्था थेट फंडाकडे जाऊ शकत नाही. मान्यताप्राप्त संस्थेमार्फत जावं लागतं. आपल्याकडे ती नाबार्ड, मुख्यालय इथेच बीकेसीत, किंवा सिडबी ही लघुउद्योगांची बँक, नाहीतर यूएनडीपीसारखी (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम) आंतरराष्ट्रीय संस्था. आधी संकल्पना टिपण, पर्यावरण मंत्रालयाचं ना-हरकत पत्र, मग पूर्ण प्रस्ताव, तांत्रिक समिती, दक्षिण कोरियातल्या सोंगदोतलं फंडाचं संचालक मंडळ, करार, आणि त्यानंतर कुठे पहिला हप्ता. नाबार्डमार्फत ओडिशाचा भूजल प्रकल्प २०१७ मध्ये मंजूर झाला: एकूण सुमारे १६.६ कोटी डॉलर, त्यात फंडाचे सुमारे ३.४ कोटी. बाकीची जुळवाजुळव इतरत्र. ज्या राज्याकडे ती ताकद नाही त्याने फॉर्मही भरू नये.

खाली आमच्यासारख्या संस्थांना काम मिळतं ते "आधी खर्च करा, मग बिल लावा" या अटीवर. तीन दरपत्रकं, तिमाही उपयोगिता प्रमाणपत्र, लेखापरीक्षण, तक्रार निवारण यंत्रणा. दोन तिमाहीचे पगार खिशातून काढू शकेल अशी वस्तीतली संस्था दाखवा मला. ती काढू शकत नाही, म्हणून काम मोठ्या सल्लागार कंपनीकडे जातं आणि वस्तीतल्या बाया "सर्वेक्षणासाठी मानधन" या ओळीत येतात.

सायन सर्कल

त्यात एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या कायद्याची, भर. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देताच येत नाही. प्रशासकीय खर्च ५० वरून २० टक्क्यांवर आला. खातं दिल्लीच्याच स्टेट बँकेत. बाहेर जाऊन न्याय मागणाऱ्या सरकारने घरातला नळ बंद करून ठेवलाय. आधी तो उघडा, मग जिनिव्हा-बाकू.

उपयोगिता प्रमाणपत्र

अर्धं बरोबर. संयुक्त राष्ट्रं, त्यांच्या विशेष संस्था आणि जागतिक बँक या कायद्याच्या व्याख्येत "विदेशी स्रोत" नाहीतच. त्यामुळे पोकरासारख्या सरकारी वाटेच्या पैशाला एफसीआरए आडवा येत नाही. आडवा येतो तो परदेशी फाउंडेशनांच्या पैशाला, आणि छोट्या संस्थांना जगवत होता तोच पैसा: मोठी संस्था घेणार, दहा लहानांना वाटणार. दोन्ही एकाच पोत्यात भरू नका.

पहिला मजला

मला हा सगळा जागतिक न्यायच थोडा ढोंगी वाटतो, स्पष्ट बोलतो. आपण बाहेर सांगतो की भारतीय माणसाचं उत्सर्जन दोन टनांच्या आसपास आणि अमेरिकनाचं चौदा. खरं आहे. मुंबईच्या कृती आराखड्यात (मार्च २०२२) २०१९ साठी १.८ टन दरडोई दिलंय. पण ती सरासरी आहे आणि ती खाली आणलीय गोवंडीसारख्या गरीब वस्त्यांनी. टॉवरचं सिमेंट, पोलाद शहराबाहेर तयार होतं, ते या हिशेबात येतही नाही. चाळीस मजल्यांवरचा माणूस गोवंडीवाल्याच्या पाठीमागे लपून अमेरिकेकडे बोट दाखवतो. देशादेशांत न्याय हवा, आणि पेडर रोड ते देवनार न्यायाचं काय?

खाडीकाठ

विषमता मान्य, निष्कर्ष अमान्य. १९९२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारात सामायिक पण भिन्न जबाबदारी देशांवर टाकली आहे, कारण करार देशांत झाला. आतली विषमता दाखवून बाहेरचं देणं माफ होत नाही. सावकाराने कुळाला "तुझा मोठा भाऊ उधळ्या आहे" म्हणून हिशेब मिटवावा, तसं हे.

पहिला मजला

माफ करा असं कुठे म्हटलं? वसुली कोणाच्या नावाने करता आणि ती पोचते कुणाकडे, एवढंच विचारतोय. याचं उत्तर निवेदनात एका ओळीचंही नाही.

कुर्ला टर्मिनस

पहिला मजला यांच्या प्रश्नाला धरूनच एक गोष्ट, जी वर कोणी काढली नाही. बाहेरच्या पैशाबरोबर बाहेरचे नियमही येतात, आणि मुंबईतल्या गरिबाला कधीकधी तेच कामी येतात.

राज्याच्या झोपडपट्टी धोरणात कट-ऑफ तारीख असते: १ जानेवारी २०००, नंतर २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून घर. त्यानंतर आलेला माणूस कागदावर अस्तित्वातच नाही. ग्रीन क्लायमेट फंडाने आयएफसीचे, म्हणजे जागतिक बँक गटाच्या खाजगी क्षेत्राला कर्ज देणाऱ्या शाखेचे, मानक घेतले आहेत. त्यातलं पाचवं मानक सांगतं की जमिनीवर कायदेशीर हक्क नसलेलाही विस्थापितच, त्याचं पुनर्वसन करा. म्हणजे नाला रुंद करायला अशा निधीतून पैसे घेतले, तर २०१५ ला आलेल्या झोपडीलाही मोजावं लागेल.

हे पोथीतलं नाही. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प (एमयूटीपी) जागतिक बँकेच्या पैशावर २००२ ला सुरू झाला. पुनर्वसनाबद्दल दुकानदार आणि रहिवाशांनी बँकेच्या तपासणी पॅनेलकडे तक्रारी केल्या. पॅनेलचा अहवाल आल्यावर मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाच्या भागाचे पैसे काही महिने रोखले. मंत्रालयात अर्ज करून हललं नसतं ते हललं.

आणि हे घडलं *कर्जाच्या* पैशावर. खाडीकाठ, कर्ज तुम्ही हिशेबातून काढा, पण त्याच्या अटी सैल करा असं चुकूनही लिहू नका. बाकूनंतर "सुलभ उपलब्धता" हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. सुलभ म्हणजे फॉर्म कमी की पुनर्वसनाच्या अटी कमी, हे विचारल्याशिवाय त्यावर सही करू नये.

नालेसफाई

हे पटलं. माझ्या पोस्टचा सूर "अटी फार" असा होता, तो दुरुस्त करतो. रॅशनालची अट सैल व्हावी, पुनर्वसनाची नाही.

सायन सर्कल

लॉस अँड डॅमेज फंडाचं, म्हणजे हवामान बदलाने झालेल्या नुकसानीसाठीच्या निधीचं, काय? तो तरी अनुदानाचा आहे ना?

कुर्ला टर्मिनस

आहे, पण जीव केवढा. शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत (२०२२) ठरला, दुबईच्या परिषदेत (२०२३) सुरू झाला. आश्वासनं अजून एक अब्ज डॉलरच्या आत. पहिली फेरी २५ कोटी डॉलरची, एकेक प्रस्ताव ५० लाख ते २ कोटी डॉलरचा, त्यातही निम्मं छोटी बेटं आणि अल्पविकसित देशांसाठी. हिशेबनीस म्हणतात ते इथे लागू: आपण त्या रांगेत पुढे घुसू नये.

पण नुकसान मोजायची पद्धत आपली आपल्याला आजच नीट करता येते. मिठीकाठच्या क्रांतीनगरात पाणी शिरतं, कमरेपर्यंत चढतं, ओहोटी लागली की उतरतं. केंद्राच्या आपत्ती निकषात कपडे-भांड्यांची मदत मिळते ती घर वाहून गेलं, पूर्ण पडलं, किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्यात राहिलं तर. मुंबईचं पाणी दोन दिवस थांबतच नाही. गादी, मिक्सर, शिलाई मशीन, मुलांची दप्तरं सगळं गेलं, तरी तलाठी येईपर्यंत फरशी कोरडी आणि पंचनामा कोरा. ज्या नुकसानाची इथल्या दप्तरात नोंदच नाही, ते या फंडाच्या मनिलातल्या बैठकीत मांडणार कशाच्या आधारावर?

हिशेबनीस

म्हणूनच काहीजण पर्जन्याधारित विमा सुचवतात. ठरलेल्या मिलिमीटरच्या वर पाऊस पडला की पंचनाम्याशिवाय खात्यात पैसे.

नालेसफाई

कुठल्या पर्जन्यमापकाचे मिलिमीटर? २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिमी आणि कुलाब्याला जेमतेम ७४. करारात कुलाबा वेधशाळा लिहिली असती, तर त्या दिवशी कुर्ल्याला एक पैसा मिळाला नसता. विमा घ्यायचा तर वॉर्डातलं स्वयंचलित केंद्र धरा, आणि ते पावसात बंद पडलं तर पर्यायी नोंद कुठली, हे आधी लिहून घ्या. भर पावसातच बंद पडतात ती.

खाडीकाठ

बदललेला मसुदा टाकतो:

"बाकूचे ३०० अब्ज मोजताना कर्जाची फक्त अनुदान-तुल्य रक्कम धरावी. अनुकूलन (बदलत्या हवामानाशी जुळवून घेणं) आणि नुकसानभरपाईचा निधी अनुदानातच असावा, आणि त्यावर पहिला हक्क छोटी बेटं व अल्पविकसित देशांचा. निधी मिळवण्याच्या पायऱ्या कमी कराव्यात. पुनर्वसनाचे मानक कमी करू नयेत. भारत सरकारने आपत्ती निकषातली दोन दिवसांची अट शहरी पुरासाठी काढावी."

उपयोगिता प्रमाणपत्र

"पायऱ्या कमी कराव्यात" काढा, त्याने काही होत नाही. त्याजागी: "अंमलबजावणी करणाऱ्या स्थानिक संस्थेला पहिल्या दोन तिमाहींची रक्कम आगाऊ मिळावी."

पहिला मजला

शेवटचं वाक्य पहिलं करा, मग सही करतो.